कपाटातल्या फ्रॉकची बाही

मित्रांनो, मी एक जुना फ्रॉक आहे. जुना म्हटलं की ताईचा धाकटीला आलेला, धुऊन धुऊन विरलेला फ्रॉक तुमच्या डोळ्यांसमोर येईल. मी तसा नाही. माझी पहिली इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही, कारण मला आजवर एकाही मुलीनं घातलेलं नाही.

१९९४ साली रबाळ्याच्या एमआयडीसीत, एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. फिकं पिवळं सुती कापड, फुग्याच्या बाह्या, चार वर्षांच्या मुलीचं माप. तिथले कपडे जहाजानं परदेशी जात. तिकडच्या दुकानदाराच्या माणसांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, शिवणी ओढल्या, टेप लावली आणि शिक्का मारलेली चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधली. मी ‘मंजूर नमुना’ झालो. पुढे शिवायचे हजारो फ्रॉक हुबेहूब माझ्यासारखे हवेत, असा त्याचा अर्थ. मला काचेच्या कपाटात टांगलं. येणारा-जाणारा मला निरखून जाई. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी भलताच ताठलो होतो.

पहिले तीन हजार फ्रॉक रवाना झाले आणि दोन महिन्यांनी ते सुरू झालं. एका सकाळी माझी उजवी बाही कोमट झाली. मग हळूहळू फुगली, आत कुणी इवलासा हात घालावा तशी. कपाट बंद होतं, पंखा लांब होता. सातासमुद्रापलीकडे माझ्यासारखाच फ्रॉक कुणी मुलगी घालत होती आणि तिचा हात मला इथे जाणवत होता. पुढे रोजच हात येऊ लागले. गार, घामेजलेले, खाऊनं चिकट झालेले. मला त्यांची भीती वाटायची, आणि ते आले नाहीत तर करमायचंही नाही.

हे कारखान्यात एकट्या सगुणाबाईंना दिसलं. त्या तळवली गावच्या. बाह्या जोडण्याचं त्यांचं मशीन माझ्या कपाटासमोरच होतं. माझी बाही हलली की त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबायचा. पण त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत.

कारखान्यात एक कडक नियम होता. सुई मोडली तर तिचा कण न् कण शोधायचा आणि वहीत चिकटपट्टीनं लावायचा. पुरी सुई जुळली तरच नवी मिळायची. एखादा तुकडा शिवणीत राहिला तर तो लेकराच्या अंगात घुसेल, म्हणून ही काळजी.

माझ्यासारख्याच फ्रॉकच्या दुसऱ्या खेपेची घाई चालू असताना सगुणाबाईंची सुई मोडली. दोन तुकडे सापडले, टोक काही सापडेना. मागच्या आठ बायकांचं काम अडलं, ओरडा सुरू झाला. सगुणाबाईंनी पदराला खोचलेली घरची सुई काढली, तिचं टोक मोडलं आणि वहीत लावून टाकलं. सुई जुळली, काम पुढे सरकलं.

त्याच क्षणी माझ्या डाव्या काखेत टोचलं. तेव्हापासून डाव्या बाहीत आलेला प्रत्येक हात काखेपर्यंत यायचा आणि झटक्यानं मागे जायचा. सगुणाबाई ते पाहत होत्या. त्यांचं जेवण सुटलं.

माल पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी खोक्यांना पट्ट्या बसल्या. न्हावा-शेव्याच्या बंदराला जाणारा ट्रक दारात उभा राहिला. सगुणाबाई उठल्या आणि सुपरवायझर हौसेरावांसमोर उभ्या राहिल्या.

“दादा, वहीनचा टोक माजे घरचे सुयचा हाय. खरा टोक कंच्यातरी फ्राकान ऱ्हायलाय.”

“आगं, येडी का काय तू?” साताऱ्याकडचे हौसेराव खोक्यांकडे वळले. “आन् हे आत्ता सांगतीयास व्हय?”

“त्या कपाटानचे फ्राकाचे डावे बाहीन पोरीचा हात येतंय न् मागं जातंय, दादा. मना बगवत नाय.”

हौसेरावांनी मालक नंदकुमारांना गाठलं. ते चिडले. “तीन हजारांत एक पीस! जहाज चुकलं तर अख्खी ऑर्डर जाईल. उगाच टेन्शन देऊ नका. डाव्या बाहीचं बोलतेय ना ती? थांबा, सँपल बघतो.”

त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्या डाव्या बाहीत दोन बोटं घातली. आत इवल्याशा मुठीनं त्यांचं बोट धरलं. मित्रांनो, ते मी केलं नाही. मला कुठे हात आहेत? मूठ बराच वेळ सुटली नाही. नंदकुमारांचा चेहरा पांढराफटक पडला.

“ट्रक परत पाठवा,” ते म्हणाले. “खोकी फोडा.”

दोन दिवस बायका काखेच्या शिवणी चाचपत होत्या. पण वर्षानुवर्षं शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले, बारीक टोक कळणार कसं? शेवटी सगुणाबाईंनी एक-एक शिवण गालावर फिरवायला सुरुवात केली. मग सगळ्याच फिरवू लागल्या. जहाज गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबाईंच्या गालावर रक्ताचा थेंब आला. टोक सापडलं.

नंदकुमारांनी झालेलं सगळं तिकडच्या दुकानदाराला फॅक्सनं कळवलं. आणि वहीत खोटं लावलं म्हणून त्याच दिवशी सगुणाबाईंना कामावरून काढलं. मला फार वाईट वाटलं. मी नुसता लोंबकळत राहिलो.

बारा दिवसांनी उत्तर आलं. ‘स्वतःची चूक स्वतःहून सांगणारे तुम्ही पहिलेच. माल उशिरा चालेल. पुढची मागणी दुप्पट.’ नंदकुमारांनी हौसेरावांना दोनदा तळवलीला पाठवलं. सगुणाबाई आल्या नाहीत. “माजेच हातावं माजा भरवसा नाय ऱ्हायला,” एवढंच त्या म्हणाल्या. कारखाना वाढला, मोठ्या जागेत गेला. मी जुन्या गाळ्यात कपाटासकट मागे राहिलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी तरी काही बनवाल. तो माणूस तुम्हाला कधी दिसणारही नाही. तरी पाठवण्याआधी ती वस्तू एकदा आपल्या गालाला लावून बघा. आणि चुकलात तर वेळेवर बोला. जो बोलेल त्याला घालवून मात्र देऊ नका.

त्या मुली आता मोठ्या झाल्या. उजवी बाही केव्हाच थंड पडली. डाव्या बाहीत मात्र नंदकुमारांचं बोट धरणारा तो इवलासा हात अजून रोज येतो. टोक निघालं, शिवण साफ आहे. ये बाळ, आता काही टोचणार नाही, असं मला सांगायचं असतं, पण तोंड नाही. तो हात काखेपर्यंत येतो, थांबतो, आणि मागे जातो.