सिस्टरच्या बाबांचं जेवण

“बाबा, जरा उभे राहा. सगळ्यांना नीट दिसू दे,” सिस्टर म्हणाली.

शेवटच्या ओळीतून तिचे बाबा उठले. आरोग्य केंद्राच्या त्या हॉलमध्ये दर आठवड्याला म्हाताऱ्या माणसांचा वर्ग भरायचा. काय खावं, काय सोडावं, हे सिस्टर तिथे हसतखेळत सांगायची. फळ्यावर ताटाचं चित्र काढून झालं, मिठाच्या डबीला चार शिव्या घालून झाल्या, की बाबांची पाळी यायची.

“जन्मभर बेकरी चालवली यांनी. मऊ पाव, केक, बिस्किटं यातच हयात गेली. मागच्या हिवाळ्यात पायाची जखम भरेना, साखर आभाळाला टेकलेली. आणि आता बघा.”

बाबांनी कोट उघडून दाखवला. पट्ट्याने गोळा करून बसवलेल्या पँटीत आणखी एक माणूस मावला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“सिस्टर, जेवायला घालता ना त्यांना?” पहिल्या रांगेतून एका आजींनी विचारलं. टपालखात्यातून निवृत्त झाल्या तरी गल्लीतल्या बातम्या त्या अजूनही घरपोच करायच्या, म्हणून सगळे त्यांना टपालआजी म्हणत.

हॉल हसला. “घालते ना. पण चोरून खायची सोय नाही आमच्याकडे,” सिस्टर म्हणाली.

बाबाही हसले. हसता हसता त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरायला हात पुढे केला आणि तो पाठीपर्यंत पोचायच्या आतच ते खाली कोसळले.

सिस्टर धावली. अंग घामाने भिजलेलं, हात गार. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. साखर एकदम खाली गेली आहे, हे बोट टोचायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. कुणीतरी डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळालं, कुणी चहाच्या खोलीतून साखरेचा डबा आणला. थोडी साखर ओली करून ती बाबांच्या गालात लावणार, तेवढ्यात कवळी आड आली. तिने दोन बोटांनी कवळी ओढून काढली.

हिरड्या सोलवटून निघाल्या होत्या. एका बाजूला जुना, पांढरा पडलेला व्रण होता आणि त्याच्याच शेजारी नवा, लालभडक. साखर त्यावर लागली तसे बाबा बेशुद्धीतही कण्हले.

वर्गातली म्हातारी मंडळी भिंतीला टेकून उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांना वरच्या वॉर्डात नेलं. मग डॉक्टरीणबाई सिस्टरला व्हरांड्यात घेऊन आल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, आजही चढवला नाही.

“वजन उतरलं ते नुसत्या चरबीचं नाही. दंडाला मांस राहिलेलं नाही. वजन घटलं तशी कवळी सैल झाली आणि घासायला लागली. कित्येक आठवडे यांना चावताच येत नसणार.”

“मला म्हणायचे, पोट भरलं.”

“आणि साखर उतरवायची गोळी? ती उपाशीपोटी चालूच?”

गोळी सिस्टर रोज सकाळी स्वतःच्या हाताने देत होती. ते गिळेपर्यंत समोर उभी राहत होती.

तिला एकेक गोष्ट आठवत गेली. आईला साखरेच्याच दुखण्याने नेलं होतं. त्या धसक्याने बाबांच्या जखमेनंतर तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कोंड्याचा राठ पाव, कच्चं गाजर, कच्चा कोबी. बिस्किटांच्या कपाटाला कुलूप. एकदा बिस्किटाचा पुडा फुटलेला दिसला तेव्हा तिने नवऱ्यादेखत बाबांना लहान मुलासारखं फैलावर घेतलं होतं. पुडा नवऱ्याने फोडला होता. ते कळल्यावर ती नवऱ्याशी भांडली, पण बाबांना ‘चुकलं’ म्हणायचं तिला सुचलंच नव्हतं. ताट रिकामं दिसलं की ती खूश. वजनकाट्याचा काटा खाली आला की आणखी खूश.

संध्याकाळी ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. कवळी नसल्यामुळे बाबांचे गाल आत गेले होते आणि बोलणं फसफसत होतं. तोंडावर हात धरून ते बोलत होते.

“ताट रिकामं कसं व्हायचं मग?” तिने विचारलं.

“गॅलरीतल्या कुंड्यांत पुरायचो. तू स्वयंपाकघरात गेलीस की.” ते थोडे ओशाळले. “तुझी जास्वंद उगाच नाही फुलली.”

तिला हसू आलं नाही. “मला का नाही सांगितलंत, बाबा? मी रोज हेच काम करते. लोकांच्या पायांची नखंसुद्धा तपासते मी.”



“तू दर आठवड्याला मला उभं करतेस ना सगळ्यांपुढे. किती कौतुकाने सांगतेस. मी चावता येत नाही म्हटलं असतं, तर तुझं सगळं खोटं पडलं असतं, पोरी.”

ती उठली आणि उगीचच सलाईनची नळी सरळ करू लागली. नळी सरळच होती. बाबा रागावले असते, तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात वर्ग भरला तेव्हा हॉल खचाखच होता. टपालआजींनी बातमी पोचवलीच होती. सिस्टरने खडू घेतला, ताटाचा गोल काढला आणि खडू खाली ठेवला.

“बाबा बरे आहेत,” ती म्हणाली. “त्यांना जेवता येत नव्हतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. मी देत होते ते त्यांना चाववत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकुणाला चावायला त्रास होतो?”

मग टपालआजींनी मांडीवरचा हात थोडासाच वर केला. त्यांच्या मागे एका आजोबांनी केला. मग खिडकीजवळच्या दोघींनी. हात वर येतच राहिले. वर्ग सुरू झाल्यापासून हा प्रश्न तिने कधी विचारलाच नव्हता.

“तुम्ही वर्गात वाटता ते सफरचंद मी तर घरी नेऊन नातवाला देते,” टपालआजी म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

त्या दिवशी सिस्टरने सांगितलं कमी आणि ऐकलं जास्त.

बाबा घरी आले. गोळीचं प्रमाण डॉक्टरीणबाईंनी कमी केलं होतं. नवी कवळी बनायला वेळ होता आणि हिरड्या भरेपर्यंत जुनी लावायची नव्हती. सिस्टरने भोपळा आणि पालक मऊ शिजवून घोटला, त्यात अंडं फेटून घातलं. चव घ्यायला चमचा बाबांपुढे धरला. बाबांनी थोडं मीठ मागितलं, तिने चिमूटभर घातलं.

दोघं जेवायला बसली. बाबांनी चमचा उचलला, पण तोंडाशी नेईनात.

“गरम आहे का?”

“नाही.” त्यांनी मान खाली घातली. “तू जरा तिकडे तोंड कर. दात नसताना खातो ते बरं नाही दिसत.”

आपण बघितलं तर काय होतंय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण ती गप्प उठली, आपली खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून, वाटी मांडीवर घेऊन बसली. समोर नुसती भिंत होती. मागे चमचा वाटीला लागल्याचा बारीक आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. तिने मान वळवली नाही. त्यांच्या चमच्याच्या संथ गतीने तीही एकेक घास घेत राहिली.