तोफेने नाकारलेली बाजू

तिला सगळं विद्यापीठ तोफ म्हणायचं. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि वादविवादाच्या मंचावर चढली, की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळवायची. बाजू कोणतीही द्या. आज पांढरं ठरवलेलं उद्या काळं ठरवून पुन्हा टाळ्या घ्यायची. वडील आल्यागेल्याला करंडकांचं कपाट दाखवायचे. आई म्हणायची, "ते पुसायला मात्र मीच!"

त्या वर्षी तोफेचं काहीतरी बिनसलं. घास उतरेना. पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची आणि वर्गात बसल्या बसल्या छाती धडधडायची. डॉक्टरांच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही. त्यांनी तिला विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

तिथेही तोफेने मुद्देसूद भाषण ठोकलं. अभ्यासाचा ताण, स्पर्धांचा ताण, झोपेची बोंब. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"छान मांडलंस. आता एक सांग, कोणी ऐकायला नसलं तरी कोणत्या गोष्टीसाठी भांडशील?"

ज्या पोरीला कधी उत्तर अडलं नव्हतं, ती तिथेच हमसून हमसून रडली.

त्याच आठवड्यात अंतिम फेरीचा विषय आला: 'मन खचलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाने खर्च करू नये.' तोफेच्या संघाला आली होती 'करू नये' हीच बाजू.

वसतिगृहात तोफेच्या खोलीतला दुसरा पलंग गेल्या वर्षापासून रिकामा होता. तिची मैत्रीण आधी वर्गाला जाईनाशी झाली, मग अंथरुणातून उठेनाशी; शेवटी भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला. बाईंचा प्रश्न तोफेच्या डोक्यातून जात नव्हता. उत्तर आता त्या पलंगावर दिसत होतं. सकाळी ती थेट संघाच्या सरांकडे गेली.

"सर, ही बाजू मी मांडणार नाही."

"अगं, खेळ आहे हा! बुद्धिबळात काळ्या मोहऱ्या आल्या म्हणून कोणी मनाने काळं होतं का?"

"बाकीच्या विषयांत खेळले, सर. यात नाही जमणार. माझी मैत्रीण माझ्या डोळ्यांदेखत खचली."

"आणि संघ गेला खड्ड्यात?"

"अजून वेळ आहे. राखीव मुलगी उतरेल. बोलायचं कसं, थांबायचं कुठे, ते मी शिकवते तिला. मुद्दे मात्र तिचे तिने शोधायचे."

"म्हणजे धड सोडायचं नाही, धड धरायचं नाही!"

"सोबत्यांना तोंडघशी पाडायचं नाही, सर. आणि स्वतःलाही नाही."

सर चिडले, पण ती तसूभर हलली नाही. रोज संध्याकाळी राखीव मुलीला घेऊन बसली. अंतिम फेरीत ती मुलगी अशी काही बोलली की संघ जिंकला. तोफ मागच्या रांगेत बसून ऐकत होती. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे पचवणं सोपं नव्हतं. तरी उठून तिने मुलीची पाठ थोपटली.

वडिलांचा फोन आला. "तोफ थंडावली म्हणे?"

"नाही, बाबा. तोंड कुठे वळवायचं ते आता मी ठरवणार."

मग ते म्हणाले, "बरं. जेवतेस ना नीट?"

"हळूहळू जमतंय."

सुट्टीच्या दिवशी ती बस पकडून मैत्रिणीच्या घरी गेली. मैत्रिणीने दार अर्धवटच उघडलं. "इतक्या दिवसांनी आठवण झाली?"

"उशीर झाला, मान्य. आत येऊ?"

दुपारभर मैत्रीण बोलत होती. समुपदेशक बाई आठवड्यातून दोनच दिवस येतात, मैत्रिणीचा नंबर लागेपर्यंत महिना गेला, हे तोफेला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परतल्यावर तिने कंबर कसली. राखीव मुलीला सोबत घेऊन ती कुलसचिवांकडे गेली. बाई रोज हव्यात, एवढंच मागणं. कुलसचिव म्हणाले, "बघू." महिनाभर त्यांनी काही बघितलं नाही, म्हणून ती पुन्हा गेली. छाती अजूनही अधूनमधून धडधडायची. तशा वेळी ती जिन्यात बसायची, श्वास जागेवर आला की उरलेल्या पायऱ्या चढायची. तिसऱ्या खेपेला तिने दार वाजवलं, तेव्हा कुलसचिवांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा. सांगा, कुठून सुरुवात करायची?"