मालकाचा तुकडा

ताईच्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी तिच्या धाकट्या भावाच्या, पिझ्झ्याच्या भट्टीवाल्याच्या छातीत पहिली कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, मीठ आवरा, नाहीतर दुसरी कळ शेवटची. ते ऐकून ताई बोचकं आणि तराजू घेऊन दुकानावरच्या खोलीत राहायलाच आली. तीस वर्षं नर्स होती. औषधाचा थेंबही मोजून देणारी बाई.

भट्टीवाल्याचं नाव होतं ते पांढऱ्या पिझ्झ्यावर. टोमॅटो नाहीच, पिठावर साय, लसूण, मूठभर चीज, हॅमचे तुकडे आणि मशरूमच्या चकत्या. ताईने सगळं तोललं आणि दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलं: एक तुकडा, पावणेतीनशे उष्मांक, मीठ दीड ग्रॅम.

"गिऱ्हाईक पळवतेस का, ताई?"

"गिऱ्हाईक जगवते. आणि तुला रविवारी एक तुकडा. एकच! मशरूम हवे तेवढे खा, त्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही. वाईट आहे ते हॅम."

"एक तर एक," भट्टीवाला गरीब गाईसारखा म्हणाला.

रविवारी त्याने भट्टीतून पिझ्झा काढला आणि सुरी दोनदाच फिरवली. एरवी आठ व्हायचे, त्या दिवशी चारच तुकडे झाले. त्याने त्यातला एक उचलला. तो ताटलीत मावेना.

"हे काय रे, बाळ?"

"एकच आहे. मोजून बघ. नर्स ना तू?"

"साठी उलटली तरी लबाडी तीच! लहानपणी एकच पेला दूध म्हटलं की पेला बदलून मोठा घ्यायचास."

ताई भांडली नाही. तिने खडू उचलला आणि फळ्यावर खाली आणखी एक ओळ लिहिली: मालकाचा तुकडा, साडेपाचशे उष्मांक, मीठ तीन ग्रॅम. मालकाला मनाई.

गल्ली हसून लोटपोट झाली. जो येई तो म्हणे, "मालकाचा तुकडा द्या!" भट्टीवाला चार-चार तुकडे कापून लोकांना वाढायचा आणि स्वतः जिभल्या चाटत बसायचा. ताई वरून ओरडायची, "बोटं चाटू नकोस, त्यांनाही मीठ असतं!"

दुसरी कळ काही आली नाही.

ती ओळ फळ्यावर अजून आहे. पुसट झाली की भट्टीवाला ताईच्याच अक्षरांवरून खडू गिरवतो. रविवारी स्वतःसाठी आठ तुकडे करतो आणि एकच खातो, वरून ओरडायला कुणी नसलं तरी.

जुळी शाळेत जायला लागली त्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी, ताई गेली.