ऑदेतचा चुकलेला सूर

मित्रांनो, माझ्या अंगावर शंभराहून जास्त बटणे आहेत. त्यांतली दोन आता दाबली की आतच राहतात, नखाने उचकटून वर काढावी लागतात. माझ्या भात्याच्या एका घडीला भोक आहे, तिथून वारा जातो. मी एक जुना अकॉर्डियन आहे. पण दोन बहिणींनी मला छातीशी धरले होते, आणि त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते फार दिवस दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. ते सांगून टाकावे असे आता वाटते.

आम्हाला मांडीवर घेऊन, पट्टे खांद्यांवर चढवून वाजवतात. माझी पाठ वाजवणाऱ्याच्या छातीला टेकलेली असते. त्यामुळे त्याच्या काळजात काय चालले आहे, ते त्याच्या तोंडाआधी मला कळते.

माझा जन्म डोंगरातल्या एका लहान कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पोलादाच्या बारीक पट्ट्या कानसून एकेक सूर जुळवला, त्या मेणाने आत बसवल्या आणि शिंपल्याची बटणे लावली. मला पेटीत ठेवताना तो म्हणाला, "जा बाबा. ओल्या जागी मात्र राहू नकोस." आणि मला विकत घेतले ते कालव्याकाठी राहणाऱ्या माणसाने! आन्सेल्म त्याचे नाव. कालव्यावरचे पाण्याचे दरवाजे उघडण्याचे आणि लावण्याचे काम तो करी. मालाचे पडाव, म्हणजे लांब सपाट नावा, तिथे थांबत, पाणी भरले की वर चढत आणि पुढे जात.

आन्सेल्मला दोन मुली होत्या. थोरली सोलांज, धाकटी ऑदेत. आई नव्हती. तो म्हणे, "एकीची बोटं, दुसरीचा गळा. दोघी मिळून एक पुरी गाणारी बाई होते." त्याने सोलांजला माझ्यावर हात धरून शिकवले. तो वारल्यावर मुली क्लेमांस मावशीकडे राहायला गेल्या. कालव्याच्या दरवाज्यापासून शंभर पावलांवर मावशीचे नाचघर होते. लाकडी फरशी, मधोमध शेगडी, एका कडेला दारूचा ओटा. दर रविवारी दुपारी तिथे नाच असे. सोलांज मला वाजवी, ऑदेत गाई.

सोलांज कधी चुकत नसे. पाच वर्षांत एकही बटण चुकलेले मला आठवत नाही.

त्या नाचघराची एक रीत होती. दुपार कलली की मावशी ओट्यावर पळी आपटून ओरडे, "चला, आता बायकांचं राज्य! पुरुषांनी बूड हलवायचं नाही. आणि कोणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही!" मग पाव तास फक्त बायका पुरुषांना नाचायला बोलावत. त्या पाव तासात गावातली कितीतरी लग्ने जमली. सगळ्या बायकांना हा हक्क होता. फक्त सोलांजला नव्हता, कारण मी थांबलो की नाच थांबे. ऑदेतला गाता गाता नाचता येई, कोणाच्याही हातात हात देता येई. सोलांज खुर्चीला आणि माझ्या पट्ट्यांना बांधलेली होती.

फिर्मां नावाचा एक तरुण आपल्या काकाच्या पडावावर काम करी. खांदे रुंद, बोलणे थोडे. पडाव इकडे आला की तो कसाही करून रविवार गाठी आणि टोपी मांडीवर ठेवून शेगडीजवळ बसून राही. स्वतःहून तो कोणाला बोलावत नसे.

मावशी त्याला म्हणे, "अरे फिर्मां, टोपी उबवतोयस की काय? पिल्लं निघाली तर एक मला दे हो."

तो नुसता हसे. पावरोटीवाल्याची बायको त्याला ओढून नेई, शाळेतली बाई नेई. तो नाचे, पण त्याची मान सारखी आमच्या खुर्चीकडे वळलेली असे. तो दारातून आत आला की माझ्या पाठीवर सोलांजच्या काळजाचे ठोके धावू लागत. बोटे मात्र जागच्या जागी पडत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला फिर्मां आला तेव्हा ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "मावशी, आता एकदाच. तीन आठवड्यांनी परतीच्या खेपेला थांबेन. मग काका पडाव उत्तरेच्या कालव्यांवर नेतोय. पुन्हा इकडं येणं व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोघी बहिणी सूपासाठी कांद्याची पात चिरत बसल्या होत्या. मी बाजूच्या बाकावर होतो.

"ताई, तो तुझ्यासाठी येतो."

"माझ्यासाठी कशाला? बाजा ऐकायला येतो."

"बाजा ऐकून कोणाचे कान लाल होतात का गं?"

"तू गप चीर."

"तू त्याला बोलव ना. तो सात जन्मात तोंड उघडायचा नाही."

सोलांजने हातातली जुडी चिरून संपवली. मग म्हणाली, "मी बोलवायला उठले की वाजवणार कोण? तुझी मावशी पळी वाजवेल?"

ऑदेत हसली. पण त्या सोमवारपासून, मावशी बाजारात आणि सोलांज धुण्याला गेली की ती दार लावून मला मांडीवर घेऊ लागली. तिला बटणे ठाऊक नव्हती. कानाने शोधत शोधत ती एकच वॉल्ट्झ, म्हणजे गिरक्यांच्या नाचाचे गाणे, बसवू लागली, सोलांजच्या आवडीचा. तीन सोमवारांत तो बसला, पण एका जागी ती हमखास चुके. दुसऱ्या कडव्यात सूर खाली उतरायचा, तिथे तिचे बोट वरच्या बटणावर जाई. "मेलं बोट!" असे म्हणून ती पुन्हा सुरुवात करी आणि पुन्हा तिथेच चुके.

तिसऱ्या सोमवारी ती वाजवत असताना बाहेर पडावाचा भोंगा झाला. तो फिर्मांचा पडाव नव्हता, पण तिला ते लगेच कळले नाही. तेवढ्या वेळात माझ्या पाठीवर जे ठोके पडले, ते माझ्या ओळखीचे होते. सोलांजच्या छातीत मी तेच ऐकले होते.

मित्रांनो, त्या दिवशी मला बोलता आले असते तर मी काय केले असते, कोण जाणे. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली आणि पहिल्यापासून वाजवू लागली. बहिणीसाठी.

फिर्मांचा शेवटचा रविवार आला तो नेमका संत कातरीनच्या दिवशी. त्या दिवशी, पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुलीने हिरवी-पिवळी टोपी घालायची असते. सोलांज पंचवीस वर्षांची झाली होती. ऑदेतने तिच्यासाठी टोपी शिवली, वर कागदाचा एक छोटा पडाव चिकटवला. लोक हसले. सोलांज लाजून लाल झाली, पण तिने टोपी काढली नाही.

मावशीने पळी आपटली. "चला, बायकांचं राज्य!"

सोलांजने माझा भाता उघडला, तोच ऑदेत समोर येऊन उभी राहिली आणि तिने माझे पट्टे धरले.

"ऊठ."

"काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत. मला एक वॉल्ट्झ येतो. तो संपायच्या आत जा."

"तुला कुठून येतो?"

"ताई, जातेस की मी मावशीला ओरडायला लावू?"

सोलांज उठली. शेगडीपर्यंत बारा पावले होती. ती फिर्मांसमोर जाऊन उभी राहिली, आणि तो इतक्या घाईने उठला की त्याची टोपी राखेत पडली.

ऑदेतला एकच वॉल्ट्झ येत होता, म्हणून तिने तो पुन्हा पुन्हा वाजवला. पाच वेळा. पाचही वेळा ती त्याच जागी चुकली. कोणीतरी ओरडले, "अगं, दुसरं काही येतं की नाही?" मावशी म्हणाली, "नाचायचं तर नाचा, नाहीतर पैसे देऊन घरी जा." चौथ्या फेरीत फिर्मां काहीतरी बोलला आणि सोलांजने मान हलवली. ऑदेत बटणांकडे पाहत नव्हती. ती त्या दोघांकडे पाहत होती, आणि माझ्या पाठीवर घाव पडावेत तसे ठोके पडत होते.

वॉल्ट्झ संपला. सोलांज धावत आली. "वसंतात! तो म्हणतोय, वसंतात लग्न करू!" तिने ऑदेतला मिठी मारली आणि मला मांडीवर घेतले. मग तिचा हात माझ्या भात्यावर थांबला. चामडे ओले होते.

"हे काय गं?"

"घाम. वाजवणं काय सोपं काम आहे?"

सोलांजने आपल्या बाहीने ते ओले पुसले. हळूहळू पुसले. मग तिने ऑदेतच्या डोळ्यांकडे पाहिले. पुढचा नाच सुरू झाला.

लग्न एप्रिलमध्ये झाले. पडावावर चढण्यापूर्वी सोलांज मला ऑदेतपाशी घेऊन आली. "हा तुझ्याकडे राहू दे."

"मला एकच गाणं येतं. त्याचं मी काय करू?" ऑदेत म्हणाली आणि तिने माझी पेटी स्वतः पडावावर नेऊन ठेवली.

पुढची एकोणचाळीस वर्षे मी पाण्यावर काढली. कोळसा, गहू, खडी, नाना तऱ्हेचा माल आम्ही वाहिला. पुढे फिर्मांने स्वतःचा पडाव घेतला. काम झाले की सोलांज बाहेर बसून वाजवी. पहिल्याच वर्षी एकदा तिने तो वॉल्ट्झ घेतला. दुसऱ्या कडव्यात सूर खाली उतरवला, बरोबर वाजवला, आणि एकदम थांबली. मग मागे गेली आणि त्याच जागी सूर वर नेला, ऑदेतसारखा. त्यानंतर तिने तो कधीही बरोबर वाजवला नाही. फिर्मांला सुरांतले काही कळत नसे. त्याला वाटे, गाणे असेच आहे.

ऑदेतने लग्न केले नाही. पंचविसाव्या वर्षी तिने बहिणीचीच टोपी घातली, असे तिने पत्रात लिहिले होते. मावशी गेली, नाचघर बंद पडले. ऑदेत गावातच लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून राहिली. वर्षातून एकदा पडाव तिकडून जाई, तेव्हा ती काठावर मुरंबा घेऊन उभी असे. दोघी खूप बोलत. ते एक सोडून सगळे बोलत.

मग सोलांजची छाती बिघडली. एका हिवाळ्यात ती शहरातल्या इस्पितळात गेली आणि परत आली नाही. फिर्मांने पडाव विकला आणि कालव्याच्या त्याच दरवाज्याजवळ दोन खोल्या घेतल्या. मला त्याने कपाटात तळाशी ठेवले, तिच्या कोटाखाली. कपाटाचे दार नीट लागत नसे. फटीतून मला दिसे. सकाळी तो कॉफीचे दोन वाडगे मांडी, थोडा वेळ पाही आणि एक परत ठेवून देई. चार हिवाळे असेच गेले. माझ्या आतले मेण तडकले, चामडे कडक झाले. कारागीर म्हणाला होता, ओल्या जागी राहू नकोस. पण पाण्यावर एकोणचाळीस वर्षे राहून मला काही झाले नव्हते, कारण रोज कोणीतरी मला उघडत होते. मी बिघडलो तो कोरड्या कपाटात.

एका गुरुवारी फिर्मांने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले. जुने सामान घेणारा येणार होता. त्याच्या आधी ऑदेत आली, सूपाचे भांडे घेऊन. केस पांढरे झालेले, पाय जरा ओढत होती.

"दाजी, हे काय? विकताय?"

"वाजवणारं कोण आहे आता? बघितलं की ती आठवते, आणि बघितलं नाही तरी आठवतेच."

"सूप खाऊन घ्या आधी."

"खातो."

ती माझ्याजवळ आली. "मला एक येतं. आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? पाच वेळा वाजवलंस. टोपी जळाली होती माझी."

तिने पट्टे खांद्यांवर चढवले. चार वर्षांनी माझी पाठ कोणाच्यातरी छातीला टेकली. भात्यातून वारा गळत होता, एक बटण आत गेले ते आतच राहिले. तरी वॉल्ट्झ निघाला. दुसरे कडवे आले, सूर खाली उतरायची जागा आली, आणि तिचे म्हातारे बोट वरच्या बटणावर गेले.

ती थांबली. "चुकलं मेलं. तेव्हाही इथंच चुकायचं."

"चुकलं कुठं?" फिर्मां म्हणाला. "असंच आहे ते."

"नाही हो. इथं खाली यायचं."

"काहीतरीच काय! एकोणचाळीस वर्षं ऐकलंय मी. ती नेहमी असंच वाजवायची. इथं वर."

"ताई? इथं वर?"

"हो गं. दर वेळी. मी एकदा विचारलं, हेच का सारखं वाजवतेस, तर म्हणाली, हे ऑदेतचं आहे, हे जपून ठेवायचंय."

ऑदेतने बटणांवरची बोटे उचलली. ताई कधी चुकत नसे, हे तिच्याइतके कोणाला माहीत होते? तिचा हात माझ्या भात्यावर आला, नेमका त्या जागी, जिथे त्या रविवारी चामडे ओले झाले होते. तो तिथेच राहिला. जुने सामान घेणाऱ्याने दार वाजवले. फिर्मांने खिडकीतून त्याला सांगितले, "नाही विकायचा. उगाच फेरा पडला तुम्हाला." मग तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "पुन्हा वाजव."

"सूप गार होतंय, दाजी."

"होऊ दे. वाजव."

मित्रांनो, आता ती दर गुरुवारी येते आणि फिर्मां दोन वाडगे मांडतो. मी आता फार दिवसांचा सोबती नाही. तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कपाटात असेल. तिला तशीच ठेवू नका. त्रास होतो म्हणून ठेवली असेल, तरी बाहेर काढा, हातात घ्या, तिच्यात त्या माणसाचे काय उरले आहे ते पाहा. आणि मी कधी तुमच्यापैकी कोणाकडे आलो, तर माझी बटणे दुरुस्त करा, भात्याचे भोक शिवा, नवे मेण भरा. तो वॉल्ट्झही शिका. फक्त दुसऱ्या कडव्यात तो सूर वर जातो, तो तेवढा सुधारू नका.