न्यूट्रलची तार

“काकांना जरा स्पष्ट बोलायला सांगा ना,” तो टायवाला मला म्हणाला, आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

“तुम्हीच सांगा की! समोर बसलेत ते. कान शाबूत आहेत त्यांचे.”

ह्यांनी पुन्हा प्रयत्न केला. खुर्चीत सरसावून बसले, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि टेबलावरच्या त्या काळ्या डबीकडे बघत म्हणाले, “दि...वा... लाव.” गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून रोज घासून घासून परत मिळवलेले दोन शब्द.

“माफ करा, मला समजलं नाही,” डबी गोड आवाजात म्हणाली. तिसऱ्यांदा! ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

गेल्या महिन्यात घरातला मुख्य बोर्ड जळला, तेव्हापासून सगळं वायरिंग नव्याने करायला काढलं होतं. भिंती फोडून ठेवलेल्या, घरभर सिमेंटची धूळ. मुलाने परगावाहून परस्पर ठरवून टाकलं की आता भिंती उघडल्याच आहेत तर सगळं घर यंत्रावर घेऊ. दिवे, पंखे नुसतं बोललं की चालतील, बाबांना उठायला नको. आणि ते दाखवायला हा टायवाला धाडून दिला. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरिंग केलं, त्याला स्वतःच्या घरात काय हवंय, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

टायवाल्याने मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला.

“आई, ते यंत्र शिकतं हळूहळू,” मुलगा म्हणाला. “जरा वेळ दे त्याला.”

“यंत्राला वेळ द्यायचा? बापाला दिलास कधी? रविवारी ते एक वाक्य जुळवत असतात, आणि तू मधेच ‘बरं बाबा, काळजी घ्या’ म्हणून मोकळा होतोस!”

“तुला ना, प्रत्येक गोष्टीत भांडणच काढायचं असतं.”

“हो, काढते! तुझं यंत्र तुझ्या घरी लाव. इथे नको.”

मी फोन टायवाल्याच्या हातात कोंबला आणि दार उघडून धरलं. त्याने डबी, वायर, रंगीत पुस्तकं भराभरा बॅगेत भरली. जाता जाता “विचार करा काकू” म्हणालाच. दार मी जोरात आपटलं. भिंतीवरून मूठभर पोपडे पडले, ते पुन्हा मलाच झाडायचे होते.

वायरमन इतका वेळ छिन्नी हातात धरून कोपऱ्यात उभा होता. हा ह्यांच्याच हाताखाली शिकला, आता त्याचेही केस पिकले.

“मग साधीच बटणं ना, काकू?”

“साधीच. मोठी बघून आण. आणि खाली लाव, खुर्चीत बसून ह्यांच्या डाव्या हाताला येतील अशी. कामाला लाग.”

तो हलला नाही. छिन्नी खाली ठेवून ह्यांच्यासमोर उकिडवा बसला. “मास्तर, तुम्ही सांगा.”

मुलाला इतकं तोडून बोलले, पण विचारलं मीही नव्हतंच.

वायरमनला घाई नव्हती. ह्यांचे ओठ जुळेपर्यंत तो बघत राहिला.

“साधी... बटणं,” हे म्हणाले. मग दम घेऊन, “न्यू...ट्रल. सग...ळ्या डब्यांत.”

“टाकतो,” वायरमन म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “साध्या बटणाच्या डबीत न्यूट्रलची तार लागत नाही, काकू. त्या यंत्राच्या बटणांना लागते. भिंती उघड्या आहेत तोवर ओढून ठेवली, तर पुढे कधी यंत्र बसवायचं झालं तरी पुन्हा फोडाफोड नको.”

“पण बसवायचंय कुणाला? आत्ताच हाकललं ना मी त्याला!”

ह्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं.

“तुला,” हे म्हणाले. “पुढे... एक...टी अस...शील.”

माझ्या अंगाचा भडका उडाला. “काहीतरीच काय बोलता! मी मागितलं का? मला नको तुमची तारबिर! एवढं कळतंय तर आधी नीट बरे व्हा की!” खूप बोलले मी. आवाज चिरकला तरी बोलतच राहिले. हे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी वायरमनच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली, खुर्ची भिंतीशी सरकवायला लावली आणि स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर बटणासाठी एक वाकडी रेघ मारली.

दुपारपर्यंत तिथे भिंतीत बटणाची डबी बसली.

“काकू, तारेचं टोक धरा जरा,” वायरमन शिडीवरून म्हणाला.

धरलं. न धरून सांगते कुणाला? तो वरून सोडत होता, मी खालून ओढत होते, आणि न्यूट्रलची काळी तार वीतवीतभर माझ्या हातात येत होती. खाली उतरून त्याने बटणाच्या तारा जोडल्या. ही मात्र कशालाच जोडली नाही, टोकाला टेप गुंडाळून डबीत मागे दुमडून ठेवली.

ह्यांनी डाव्या हाताने ती ओढून बघितली. पुन्हा एकदा ओढली. मी रागातच होते, त्यांच्याकडे बघत नव्हते.

“झा...कण... लाव,” हे म्हणाले.

वायरमनने झाकण लावलं.