फरशीखालची तहान

अख्खी गल्ली तिला धुरकीबाई म्हणायची. अर्थात पाठीमागे. समोर आली की ‘या ना मॅडम, बसा.’ गावच्या अग्निशमन केंद्रात ती नोकरीला होती आणि कोरडे महिने सुरू झाले की तिचं काम एकच: कोण कुठे काय पेटवतंय ते हुंगत फिरायचं. नाक असं तिखट, की दोन गल्ल्या पलीकडे कुणी पाचोळ्याला काडी लावली तरी हिची सायकल दारात हजर.

नियम काही तिने केला नव्हता. मागे एकदा कुणाच्या तरी परसातली ठिणगी वाऱ्यावर उडून लाकडाच्या वखारीत गेली आणि वखारीमागची घरांची रांग जळून गेली. तेव्हापासून ठरलं, की कोरड्या महिन्यांत उघड्यावर काही म्हणजे काही जाळायचं नाही. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड. नियम सगळ्यांना मनापासून पटला होता, फक्त ज्याला त्याला तो आपल्या अंगणापुरता जरा जाच वाटे. “आमचा मूठभर पाला हो मॅडम,” असं जो तो म्हणे, आणि त्याच्या पाठीमागे छातीएवढा ढीग धुमसत असे.

मग ती बाह्या सरसावून शिकवायला लागे. “पाणी ओता. उकरा. पुन्हा ओता. मग हात लावून बघा. हाताला गार लागलं तरच विझलं समजायचं. आणि वरून माती लोटून मोकळे होऊ नका. मातीखाली निखारा मरत नाही, दबा धरून बसतो.” शाळेतल्या पोरांना हे तोंडपाठ होतं. ती तिची नक्कलही झकास करत.

आणि हे सगळं शिकवणारी बाई चुकली ती नेमकी स्वतःच्या अंगणात.

घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच. सासूबाई कधीच्या गेलेल्या, आणि त्यांच्यामागून काही वर्षांनी हिचा नवराही गेला. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता माहेरी जाईल. सासऱ्यांनी तिच्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, “घर तुझं. मी तुझा पाहुणा. ठेवशील तसा राहीन.” ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हातारे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता त्यांच्याच डोक्यातले काटे मागेपुढे व्हायला लागले होते. सकाळी तिला सूनबाई म्हणत, दुपारी कधीकधी अदबीने विचारत, “आपण कोणाकडे आलात?”

नणंद गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा एकच धोशा. “वहिनी, तुम्ही दिवसभर बाहेर. बाबांना आश्रमात ठेवू या, तिथे माणसं असतात लक्ष द्यायला.”

“मी आहे तोवर मामंजी कुठे जाणार नाहीत,” ही म्हणायची, आणि विषय तिथेच तुटायचा.

त्या वर्षी कोरडे महिने लागले आणि एका संध्याकाळी ती कामावरून परतली, तर धूर तिच्याच कुंपणाआडून येत होता. अंगणात वादळात पडलेल्या जुन्या झाडाचा बुंधा होता. त्या बुंध्याशी पाला गोळा करून सासऱ्यांनी मस्त शेकोटी केली होती आणि शेजारी उभे राहून ते हात चोळत होते. जन्मभर संध्याकाळी पाला जाळलेला माणूस, नियम कुठला लक्षात राहायला! समोरचा शिंपी खिडकीत कोपर टेकून बसला होता.

“काय मॅडम,” तो म्हणाला, “आता दंड कोण कोणाला करायचा?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोन बादल्या पाणी ओतलं. धूर थांबेना, तशी फावडं घेऊन वर माती लोटली, पायाने दाबली, आणि काळा डाग दिसू नये म्हणून फुलझाडाची मोठी कुंडी ओढून त्यावर ठेवली. उकरलं नाही. हात लावून बघितलं नाही. शिंपी बघत होता ना!

नणंदेच्या कानावर गेलंच. ती तडक आली. “हे शेवटचं, वहिनी. पुन्हा बाबांनी काडी लावली तर मी त्यांना घेऊन जाणार, आणि तुम्ही आडव्या यायचं नाही.” ही गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे कबूलच केलं.

त्या दिवसापासून काडेपेटी कुलपात गेली. दिवस सरळ चालले होते. कुंडीतलं फुलझाड तेवढं करपलं, पाणी घालूनही. बुंध्यापासून सासऱ्यांच्या खोलीच्या भिंतीपर्यंत गवताचा एक पट्टा पिवळा पडला, कुणीतरी पाय ओढत घराकडे आल्यासारखा. ऊन फार आहे यंदा, असं ती स्वतःशी म्हणाली. खोलीच्या कोपऱ्यातून मुंग्यांनी आपलं बिऱ्हाड हलवलं, अंडी तोंडात धरून. तेही उन्हाच्याच खात्यावर गेलं.

मग खोलीत वास यायला लागला. अगदी बारीक, जुनं लाकूड जळल्याचा. दुसऱ्या कुणाला आला नसता. तिने उशी झटकली, गादी उलटली, सासऱ्यांचे खिसे चाचपले. एक शर्टाचं बटण आणि घड्याळाचा इवलासा स्क्रू निघाला.

“मामंजी, काय जाळलंत?”

“मी? काही नाही.” मग ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ती आहे. फरशीखाली.”

“कोण?”

“तुझी सासू. कुजबुजते. तहान लागलीय म्हणते.”

सासूबाईंचं शेवटचं दुखणं घरात कोणी बोलून दाखवत नसे. दवाखान्यात त्या रात्रंदिवस पाणी मागत होत्या आणि डॉक्टरांनी घोटभरसुद्धा द्यायला मनाई केली होती. सासरे भरलेला पेला हातात घेऊन शेजारी बसून राहिले होते. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, आणि त्या तशाच गेल्या.

“मामंजी, असं काही नसतं,” ती म्हणाली आणि खिडकी सताड उघडली. वास गेला नाही.

त्यातच ओल सुरू झाली. संध्याकाळी ती घरी यावी तर खाटेजवळच्या कोपऱ्यात फरशी ओली. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं, तिने मनाला समजावलं. पाण्याचा पेला मात्र रोज रिकामा. बरं, पाणी पितायत खरे, म्हणूनच हे होतंय, असा तिने हिशेब लावला. पहिल्यांदा तिने मुकाट्याने पुसलं. मग गोड बोलून सांगितलं. मग एक दिवस, पाय दुखत होते, कुणीतरी भांडलं होतं, आणि दार उघडताच जळका वास आणि ओली फरशी दोन्ही समोर आली, तेव्हा तिचा तोल सुटला.

“लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सांगता येत नाही? आणि काडी कुठे लपवलीय ती आधी द्या माझ्याकडे!”

सासऱ्यांनी मान खाली घातली. त्यांच्या हातात रिकामा पेला होता.

ती रात्र तिने तळमळत काढली. म्हातारे खोलीत काही पेटवतायत यात तिला आता शंका उरली नव्हती. आपण कामावर असताना घराने पेट घेतला तर? सकाळी तिने नणंदेला फोन केला आणि कसंबसं म्हणाली, “या. घेऊन जा.”

गाडीत बसताना सासऱ्यांनी तिचा हात धरला. त्यांना त्या वेळी ती नीट ओळखू येत होती, हेच तिला सहन होईना.

“सूनबाई, तिला पाणी देत जा गं. संध्याकाळचं विसरू नको.”

“देईन हो,” ती म्हणाली. तिला वाटलं, कुंडीतल्या झाडाचं म्हणतायत.

दोन दिवस ती मुद्दाम उशिरा घरी आली. तिसऱ्या दिवशी दुपारीच परतली आणि उंबऱ्यातच थबकली. वास. आधीपेक्षा दाट, घशाला झोंबणारा. घरात चिटपाखरू नव्हतं. चूल थंड होती. काडेपेटी कुलपात होती.

म्हणजे जाळणारे मामंजी नव्हते. कधीच नव्हते. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती त्यांच्या खोलीत गेली. खाटेच्या एका पायाची रबरी टोपी वितळून फरशीला चिकटली होती. तिने चपला काढून पाऊल टेकवलं आणि चटकन उचललं. फरशी तापली होती. कोपऱ्यात दोन फरश्यांमध्ये बोटभर फट होती, आणि फटीच्या कडेला पाण्याचे जुने डाग एकावर एक बसले होते. खिडकीत सासऱ्यांचा पेला तसाच होता. तिने तो भरला, गुडघ्यांवर बसली आणि फटीत ओतला.

“स्स्स्...” खालून आवाज आला. लांबलचक, समाधानाचा. तहानलेल्या माणसाने घोट घेऊन सोडलेला श्वास असतो तसा. मग फटीतून वाफेची बारीक रेघ वर आली.

ती तिथेच बसून ढसाढसा रडली. रोज, एकेक पेला. ती ज्याला घाण समजून नाक मुरडत पुसत होती, ते पाणी म्हाताऱ्याने स्वतः तहानलेलं राहून खाली घातलं होतं, आणि त्यावरच हे घर उभं होतं.

मग उठून तिने आपल्याच केंद्राला फोन लावला. पत्ता ऐकून पलीकडचा हसला, “मॅडम, चेष्टा करताय?”

“गाडी पाठवा,” ती म्हणाली.

गाडीतून आलेल्या माणसांनी कुंडी हलवली. खालची माती राखेसारखी भुसभुशीत झाली होती. बुंध्याचं एक जाड मूळ आतून पोकळ जळत, अंगण ओलांडून, भिंतीखालून थेट खोलीच्या फरशीखाली शिरलं होतं. उघडं पडलं तेव्हा त्याचं टोक लाल होतं. केंद्राच्या प्रमुखांनी विचारलं, “माती कोणी लोटली यावर?”

“मी,” ती म्हणाली. शिंपी खिडकीत होता.

मूळ खणून काढलं. खोलीत नवी फरशी बसली, सांधे सिमेंटने पक्के भरून घेतले, मुंगी शिरायलाही जागा ठेवली नाही. तिने नणंदेला सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. आणि सासऱ्यांना घरी आणलं.

दारातच त्यांनी विचारलं, “तिला पाणी दिलंस?”

“दिलं मामंजी. भरपूर दिलं.”

ते खूश झाले. संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यात पेला रिता केला आणि कान लावला. पाणी तसंच साचून राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. “रागावली वाटतं,” ते म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. खोली सुरक्षित झाली होती आणि म्हातारा त्या खोलीत डोळ्यांदेखत वाळत चालला होता. आपण आग विझवली, की आणखी काही, हा प्रश्न तिचा जीव खाऊ लागला.

शेवटी तिने एक युक्ती केली. स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांमध्ये एकच भिंत. संध्याकाळी ती तवा कडकडीत तापवून ठेवायची. पलीकडे फरशीवर पेला टेकल्याचा आवाज आला, की तव्यावर ओंजळभर पाणी शिंपडायची. “स्स्स्...”

पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, “हां, सावकाश पी. घाई नाही.”

त्या रात्री सासरे पोटभर जेवले. मग हा त्यांचा रोजचा परिपाठच झाला. ती नंतर हळूच जाऊन फरशी पुसून घ्यायची, आणि आता त्या पुसण्यात तिला कसलाही कमीपणा वाटत नसे.

एका संध्याकाळी तिला कामावरून यायला उशीर झाला. दारात सायकल लावत होती, तोच आतून पेला टेकल्याचा आवाज आला. अरे देवा, तवा! ती धावली. आणि स्वयंपाकघराच्या दारात तिचे पाय जमिनीला खिळले.

“स्स्स्...” लांबलचक, समाधानाचा आवाज.

“हां, सावकाश पी,” सासरे पलीकडे म्हणाले.

तवा खिळ्यावर टांगलेला होता.

पुन्हा पेटली! ती खोलीत घुसली, कोपऱ्यात वाकली, आणि शाळेशाळेतून शिकवलं तेच केलं. हात लावून बघितलं.

फरशी गार होती. विहिरीतल्या दगडासारखी गार. आणि कोरडी ठणठणीत. सांध्यातलं सिमेंट होतं तसं पक्कं होतं, आणि पेलाभर पाण्यातला थेंबसुद्धा फरशीवर नव्हता.

सासऱ्यांनी रिकामा पेला तिच्यापुढे धरला. त्यांचा चेहरा फुलला होता.

“अजून मागतेय,” ते म्हणाले.

तिने पेला घेतला. तो काठोकाठ भरून आणला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.