जनरलच्या आतली सळई

मित्रांनो, फ्रान्सची शिल्पकला माझ्या आधारावर उभी राहिली. विधान थोडं मोठं झालं, म्हणून खुलासा करते. मी एक जुनी लोखंडी सळई आहे, आणि माझ्या आधाराने उभं राहिलं ते थिओडूल ब्रासार नावाच्या एका शिल्पकाराचं मातीकाम. त्यातलंही अधूनमधून पडलं. पण तो दोष मातीचा.

माझा जन्म बर्गंडीतल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याच्या मुलीचं, ओनोरीनचं, लग्न ठरलं आणि जावई पॅरिसात पुतळे करतो असं कळलं. "चांदीचे चमचे दिले तर महिन्यात विकून खाईल," लोहार बायकोला म्हणाला. "लोखंड देऊ. लोखंड कुणी विकत घेत नाही." अशी मी हुंड्यात आले.

पुतळा आधी मातीत करतात. ओली माती स्वतःच्या जिवावर उभी राहत नाही, तिला आतून लोखंड लागतं. मास्तर, म्हणजे जावई ब्रासार, मला पाटावर ठोकून उभी करत, हवी तशी वाकवत, आणि मग ती यायची. माझी सवत. तिला ते दिवसभर कुरवाळत, ओल्या फडक्यात गुंडाळत, थंडीत ती गोठू नये म्हणून शेगडी पेटवत. त्याच खोलीत ओनोरीनबाई खोकत असायच्या. मला मास्तरांचा हात लागे तो पकडीसकट. पुतळा पुरा झाला की वरून साचा घेत, माती उकरून काढत, मलाही ओढून काढत आणि साच्यात प्लास्टर ओतत. प्लास्टर प्रदर्शनाला जाई. मी कोपऱ्यात जाई.

मास्तरांची सगळी कारकीर्द मी आतून पाहिली. म्हणजे काहीच पाहिलं नाही. उमेदीच्या काळात त्यांनी झऱ्यावरची जलकन्या केली. लोक म्हणाले, काय कमनीय बांधा! बांधा माझा होता. नंतर एक बिशप केला. लोक म्हणाले, मानेत केवढा ताठपणा! त्या मानेत कोण होतं ते कुणी विचारलं नाही. पुढे दिवस फिरले. कबरीवरचे देवदूत आणि औषधवाल्यांचे अर्धपुतळे एवढीच कामं उरली. अर्धपुतळ्याला लाकडाची खुंटी पुरते. खुंटीचाही मला राग आला.

अशात सोन नदीकाठच्या एका गावाने आपल्या दिवंगत जनरल मोंतारलोंचा पुतळा करायला सांगितला. अट अशी की नगरपालिकेच्या समितीला मातीचा पुतळा पसंत पडला, तरच पुढे प्लास्टर आणि मग ब्राँझ. मास्तरांची पन्नाशी उलटली होती. हे काम गेलं तर मरेपर्यंत देवदूत. समितीने जनरलचं एक रंगीत चित्र दिलं होतं. ते समोर ठेवून मास्तरांनी त्यांना तलवारीसकट घडवलं.

समिती बघायला आली. नगराध्यक्ष पेर्दिगाल पुतळ्याभोवती फिरले.

"मास्तर, हात आणखी वर घ्या हो. हे शत्रूकडे तलवार रोखतायत की खानावळीचा रस्ता दाखवतायत?"

"आत सळई कोपरापर्यंतच आहे, साहेब."

"सळई कोण बघतंय!"

मित्रांनो, हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

मास्तरांनी हात वर घेतला. पुढच्या खेपेला समितीने जनरलच्या विधवा पत्नीलाही आणलं. मादाम मोंतारलो खुर्चीत बसून पुतळ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. नगराध्यक्षांनी टोपी हातात धरून भाषण सुरू केलं. ते 'अजिंक्य बाहू' या शब्दापर्यंत आले, आणि तो बाहू कोपरापासून निखळून तलवारीसकट त्यांच्या टोपीत पडला.

सवतीची तब्येत ही अशी. आणि कोपरातून, मित्रांनो, मी बाहेर आले! आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं माझ्याकडे बघत होती.

"शी! हे गंजकं काय?" समितीतला खाटीक म्हणाला.

"गंज नाही तो. लाख लावलीय तिला," ओनोरीनबाई म्हणाल्या. माझं आजवर झालेलं कौतुक ते एवढंच.

मास्तर स्टुलावर मटकन बसले. देवदूत त्यांना दिसू लागले असावेत. तेवढ्यात मादाम उठल्या, पुतळ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हां. आता ओळखू येतात."

"म्हणजे, बाईसाहेब?"

"अहो, त्यांना उजवा हात होता कुठे? आमच्या लग्नाआधीच लढाईत गेला. मघापासून बघतेय, हे गृहस्थ परके का वाटतायत!"

"पण आमच्याकडचं ते चित्र..."

"ते त्यांनी स्वतः चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. हात जास्तीचा सांगितला होता."

नगराध्यक्षांनी टोपीतल्या हाताकडे पाहिलं. "समितीचं पहिल्यापासून हेच मत होतं," ते म्हणाले.

काम वाचलं. मास्तर हसत उठले, करवत मागितली, आणि माझं बाहेर आलेलं टोक कापून टाकलं. वर माती लिंपून रिकामी बाही दुमडली. प्लास्टरला प्रदर्शनात पदक मिळालं. वर्तमानपत्रांनी त्या नसलेल्या हातावर रकानेच्या रकाने लिहिले. सवतीशी भांडता तरी येतं. जो हातच नाही, त्याच्याशी कसं भांडायचं?

मी तोकडी झाले ती कायमची. मास्तर गेल्यावर ओनोरीनबाई मला घेऊन माहेरी परतल्या. आता मी परसात रोवलेली आहे. माझ्यावर घेवडा चढला आहे, आणि येणारा-जाणारा घेवड्याची तारीफ करतो.

तेव्हा मित्रांनो, पुतळ्यापुढे उभे राहाल तेव्हा क्षणभर विचारा, की हा कुणाच्या बळावर उभा आहे. आणि घरातल्या जुन्या लोखंडाला वर्षातून एकदा तेलाचं बोट लावा. आम्ही नसतो तर कुठल्याही चौकात कुठलाही जनरल उभा राहिला नसता.

गेल्या रविवारी ओनोरीनबाई तो ब्राँझचा जनरल बघून आल्या. शेंगा तोडता तोडता शेजारणीला सांगत होत्या, "मी छत्रीने ठोकून पाहिलं गं. आतून पोकळ आहे. काही म्हणजे काही नाही आत."

"अगं बाई! मग पडत कसा नाही?"

"नाही पडत," ओनोरीनबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली."